करंट लावल्यावर मांडी गरम होते, पण त्याच पायाचा अंगठा गार का पडतो?

दौलतगंजकर, ग्वाल्हेर (११ जानेवारी, रात्री ९:४०)

नमस्कार. माझ्या पत्नीच्या उजव्या गुडघ्याचा सांधा १४ डिसेंबरला बदलला. तिचं वय ६७, माझं ७१. घरात आम्ही दोघंच. टाके निघाल्यावर फिजिओथेरपीवाल्या बाईंनी एक लहान मशीन घरी वापरायला दिलं आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूवर दोन चिकट पॅड लावायचे, करंट सुरू केला की स्नायू आपोआप आवळतो, दहा सेकंदांनी सुटतो, वीस सेकंद थांबतो, पुन्हा आवळतो. असं वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. मशीनवर ३५ हर्ट्झ आणि ३०० मायक्रोसेकंद लावून दिलेत, त्याला हात लावायचा नाही असं बजावलंय. करंट हिला सोसेल तेवढा, सध्या ४० मिलीअँपिअर. ही म्हणते, आतून कुणीतरी मांडी मुठीत धरतंय आणि सोडतंय.

आता थोडं मागचं सांगतो, कारण प्रश्न तिथूनच आलाय. मी तेहतीस वर्षं कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होतो. बेडकाच्या पोटरीचा स्नायू, त्याला बारीक तरफ, तरफेची नोक फिरत्या ढोलावर. ढोलाच्या कागदाला काजळी धरायचं काम माझं. केरोसीनच्या ज्योतीवर ढोल फिरवायचा, काजळी एकसारखी बसली पाहिजे, जाड झाली तर रेघ फाटते. एक झटका दिला की काळ्यावर पांढरा डोंगर उमटायचा. झटके जवळजवळ देत गेलं की डोंगर एकमेकांत मिसळायचे आणि शेवटी वरती सरळ पठार. मग तो कागद स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत बुडवून वाळत घालायचा. असे किती कागद मी दोरीला लावले त्याची गणती नाही. त्यामुळे हिची मांडी आवळताना पाहिली आणि पहिल्याच दिवशी ओळख पटली: हे ते पठार.

पण त्या बेडकाच्या पोटरीत रक्त वाहत नव्हतं. स्नायू काढून टांगलेला असायचा. करंट दिल्यावर जिवंत माणसाच्या रक्ताचं काय होतं, हा प्रश्न तेहतीस वर्षांत माझ्यासमोर आलाच नाही. आता रोज समोर आहे.

घरात कोविडच्या वेळची, कपाळावर धरायची तापमानाची बंदूक होती. ती अंगाच्या मोडवर ठेवून पायाच्या अंगठ्यावर धरली तर नुसतं ‘लो’ दाखवते, म्हणून सरफेस मोडवर लावली. आमचं घर जुनं, दगडी, जानेवारीत खोली १७ अंशांच्या वर जात नाही. सिगडी पेटवली तर आकडे बिघडतील म्हणून तेवढा वेळ ती मी ओसरीवर ठेवतो, आणि हिने ते आतापर्यंत सहन केलंय. कालच्या सकाळचे आकडे वहीतून उतरवतो.

सुरू करण्याआधी: पॅडच्या जागी २९.६, दोन पॅडच्या मधल्या उघड्या कातडीवर २९.५, अंगठा २२.४.
पाच मिनिटांनी: मधली कातडी २९.३, अंगठा २१.३.
वीस मिनिटांनी: मधली कातडी ३०.३, अंगठा २१.०. पॅड सोलून लगेच त्याखाली ३१.५.
बंद केल्यावर दहा मिनिटांनी, रजई न घालता: मधली कातडी ३०.७.

पॅड काढला की खाली गुलाबी चौकोन असतो. कडा पट्टीने आखल्यासारख्या, कातडी ओलसर, बारीक लव एका दिशेला चिकटून बसलेली. अर्ध्या-पाऊण तासात तो विरून जातो.

पहिल्यांदा वाटलं की करंटनेच कातडी तापत असणार, इस्त्रीसारखी. मग हिशेब मांडला. सेकंदाला ३५ झटके, प्रत्येक ३०० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे एका सेकंदात करंट वाहतो तो जेमतेम शतांश सेकंद. ४० मिलीअँपिअर आणि दोन पॅडमधला रोध ढोबळ १००० ओहम धरला तर त्या क्षणी १.६ वॉट, सरासरी १७ मिलीवॉट. त्यात तीस सेकंदांतले वीस सेकंद मशीन गप्पच. उरतात सहा मिलीवॉट. स्वस्थ पडलेलं माणसाचं शरीर ऐंशी-शंभर वॉट उष्णता देत असतं. सहा मिलीवॉटने मांडी तापत नाही.

मग ही उष्णता रक्ताची का? तसं असेल तर सुरुवातीच्या पाच मिनिटांत मधली कातडी थोडी थंड का होते? मशीन बंद केल्यावरही तापमान चढत का राहतं? आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे अंगठा. रक्त मांडीत ओढलं जाऊन पाऊल उपाशी राहतंय का? तसं होत असेल तर मी हे उद्यापासून बंद करतो. जाणकारांनी कृपया लिहावं.

---

मल्हारगंज_फिजिओ, इंदूर (११ जानेवारी, रात्री ११:१५)

काका, बंद करू नका. पाऊल उपाशी राहत नाहीये. एकेक सांगते.

तुमचा हिशेब बरोबर आहे, या मशीनची वीज स्वतः कातडी तापवत नाही. तापवतो स्नायू. आपण सायकल मारतो तेव्हासुद्धा स्नायू खर्च करतो त्यातली पाव-एक शक्ती कामाला लागते, बाकीची उष्णताच होते. काकूंचा पाय तर उशीवर सरळ ठेवलेला, स्नायू आवळतो पण काही उचलत नाही. म्हणजे जवळजवळ सगळीच उष्णता. पण ती तयार होते आत, आणि स्नायू आणि कातडी यांच्यामध्ये चरबीचा थर असतो. तो थर म्हणजे तुमची रजईच, आतलं बाहेर यायला वेळ लावते. म्हणून मशीन बंद झाल्यावरही आकडा चढतो. भांडं चुलीवरून उतरवलं तरी झाकण तापत राहतं तसं.

सुरुवातीला कातडी थंड होते ती चेतासंस्थेच्या हुकमावरून. कुठलाही व्यायाम सुरू झाला की शरीर आधी कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतं आणि रक्त कामाच्या जागी वळवतं. करंटचा चिमटा बसतो, माणूस जरा दचकतो, त्यानेही तेच होतं. अंगातली उष्णता वाढली की मग कातडीचे दरवाजे उघडतात. वीस मिनिटं एका मांडीचा व्यायाम म्हणजे काही धावणं नव्हे, त्यामुळे तिथवर गोष्ट फारशी जातच नाही.

आता अंगठा. हाता-पायाच्या बोटांच्या कातडीत रोहिणी आणि नीला यांना थेट जोडणारे आडमार्ग असतात. त्यांचं काम बोटाला खाऊपिऊ घालणं नाही, उष्णता बाहेर टाकणं किंवा धरून ठेवणं एवढंच. थंडी लागली, भीती वाटली, दुखलं की ते मिटतात आणि बोट गार पडतं. ते मिटले तरी पेशींचं पोषण वेगळ्या बारीक केशवाहिन्यांतून चालू असतं. १७ अंशांच्या खोलीत रजईतून पाय बाहेर काढून वीस मिनिटं ठेवला तर माझा अंगठासुद्धा २१ वर जाईल. खात्री हवी असेल तर अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं पडलेलं दोन-तीन सेकंदांत गुलाबी झालं की झालं. पण आधी बोट थोडं ऊबदार करून घ्या, थंडीत हे उशिरा होतं. घोट्याच्या आतल्या हाडामागे नाडीही लागते का बघा.

आणि खरा मुद्दा हा की तुमची बंदूक रक्त मोजत नाही. कातडीच्या अगदी वरच्या पृष्ठभागातून निघणारे किरण ती वाचते. स्नायूत रक्त किती चाललंय ते डॉपलर सोनोग्राफीने मोठ्या रोहिणीत बघतात. कातडीतलं रक्त लेझर डॉपलरने, तेही मिलिमीटरभर खोलीपर्यंतच. स्नायूत रक्त वाढलंय आणि कातडी गार आहे, असं एकाच वेळी खुशाल असू शकतं.

रक्त वाढतं का? हो, पण सरळ रेषेत नाही. तुम्ही ज्याला पठार म्हणता त्या दहा सेकंदांत आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो, रक्त अडतं. तेवढ्यात आत कार्बन डायऑक्साइड, पोटॅशियम, अ‍ॅडेनोसिन साठतं, त्याने बारीक रोहिण्या सैल होतात. स्नायू सुटला की रक्ताचा लोंढा येतो. म्हणून सुटीचे वीस सेकंद फुकट जात नाहीत, स्नायूचं जेवण तेव्हाच होतं. घाईत कुणी सुटी कमी करून ठेवतात, मला ते अजिबात पटत नाही. करंटने आवळलेला स्नायू तसाही लवकर थकतो, कारण मेंदू तंतू आलटून पालटून वापरतो आणि मशीन दर वेळी त्याच त्याच तंतूंना जुंपतं.

पॅडखालच्या गुलाबी चौकोनाचं वेगळं. करंटने कातडीतले बारीक संवेदी मज्जातंतू चेततात, त्यांच्या टोकांतून रक्तवाहिन्या फुलवणारी द्रव्यं सुटतात. शिवाय जेलचा पॅड कातडी झाकतो, घाम उडू देत नाही. ३१.५ मधला किती भाग करंटचा आणि किती झाकणाचा, हे तुमच्या आकड्यांवरून सांगता येणार नाही. आणि डाव्या मांडीचे आकडे कुठे आहेत? तुलनेला तीच पाहिजे.

एक महत्त्वाचं, उद्या सकाळीच करा. दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजा, गुडघ्याखाली नडगीला जो उंचवटा लागतो तिथून १० सेंटीमीटर खाली. उजवी ३ सेंटीमीटरहून जास्त सुजलेली असेल, दाबल्यावर दुखत असेल, किंवा पोटरी एकटीच गरम लागत असेल तर मशीन लावू नका, सर्जनना त्याच दिवशी दाखवा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काही आठवडे शिरेत गुठळी होण्याची भीती असते आणि गुठळी असलेल्या पायाला करंट देत नाहीत. गुडघा मात्र दुसऱ्यापेक्षा गरम लागेल, तो कित्येक महिने तसा राहू शकतो. हळूहळू उतरत गेला पाहिजे. उतरलेला एकदम चढला, लाल झाला, जखम ओलसर झाली, तर थांबू नका.

---

सूरसागर, वडोदरा (१२ जानेवारी, सकाळी ८:०५)

काका, ताईंनी सगळं सांगितलंच आहे. मी डॉक्टर नाही, पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या वडिलांना बावीस वर्षं मधुमेह. तरुणपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब केलेला माणूस, दुखतंय असं तोंडातून कधी निघायचं नाही. चार वर्षांपूर्वी त्यांचं उजवं पाऊल लोंबायला लागलं, चालताना पुढचा भाग घासायचा. एका दवाखान्यात नडगीवर करंट द्यायचे. जुनं मोठं मशीन, धातूच्या पट्ट्या, खाली ओला स्पंज, वरून पट्टा आवळलेला. एके दिवशी एका पट्टीखालचा स्पंज अर्धा वाळलेला होता. वडिलांना नडगीवर काही जाणवतच नव्हतं, ते पेपर वाचत बसले. घरी आल्यावर मोजा काढला तर रुपयाएवढा डाग, मध्ये पांढरट, कडेला लाल. नऊ आठवडे लागले भरायला. रोज संध्याकाळी मीच पट्टी बदलायचो.

नंतर मला समजावून सांगितलं ते असं: त्या मशीनचा करंट एकाच दिशेने वाहणारा होता. तसा करंट पॅडखाली रसायनं तयार करतो, ऋण टोकाखाली अल्कली, धन टोकाखाली आम्ल. त्यात स्पंज वाळला की सगळा करंट उरलेल्या ओल्या तुकड्यातून जातो. तो डाग भाजल्याचा दिसत होता, पण निम्मा रसायनाचा होता. तुमच्या लहान मशीनमध्ये करंट दोन्ही दिशांनी समसमान जातो, तो धोका त्यात बराच कमी. तरीही पॅडची कड उचललेली असेल, जेल सुकलं असेल तर लावू नका. पॅड चिकटेनासे झाले की नवे घ्या, दोन-तीनशे रुपयांकडे बघू नका. काकूंना साखर आहे का, पावलांना स्पर्श नीट कळतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

तुमची बंदूक फेकू नका. मी रोज सकाळी वडिलांच्या दोन्ही पावलांवर सहा-सहा ठिकाणी तापमान घेतो. एका पायाची जागा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षा २.२ अंशांनी जास्त, आणि दुसऱ्या दिवशीही तशीच, तर आत काहीतरी पेटतंय असं समजून चालणं कमी करायचं आणि दाखवायचं. मधुमेहाच्या पायासाठी हा आकडा डॉक्टरही मानतात. गेल्या पावसाळ्यात डाव्या चवड्याखाली तीन दिवस फरक आला. वरून काही दिसत नव्हतं. चपलेचा तळ एका जागी दबलेला निघाला.

---

नवा_सभासद (१२ जानेवारी, दुपारी १:३०)

विषय थोडा वेगळा. पोटाला लावायचा करंटचा पट्टा घेतलाय. लावल्यावर पोट चांगलं गरम होतं. म्हणजे चरबी जळते का?

---

मल्हारगंज_फिजिओ, इंदूर (१२ जानेवारी, दुपारी २:१०)

नाही. पट्ट्याने झाकल्यामुळे आणि खालचे स्नायू आवळल्यामुळे गरम लागतं. स्नायूला थोडी बळकटी येईल, वजन उतरणार नाही. अमेरिकेच्या एफडीएनेही अशा उपकरणांना वजन घटवण्यासाठी मान्यता दिलेली नाही. घरात कुणाला पेसमेकर असेल किंवा कुणी गरोदर असेल तर त्यांना पट्टा देऊ नका.

---

दौलतगंजकर, ग्वाल्हेर (१७ जानेवारी, रात्री ८:५०)

ताई, सूरसागर, दोघांचेही मनापासून आभार. उशीर झाला, कारण आकडे हातात आल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

आधी पोटरी. उजवी ३४.५ सेंटीमीटर, डावी ३३.५. दुखत नाही. तरी सर्जनना फोन केला, त्यांनी बोलावून डॉपलर केली. पडद्यावर हिची शीर मी स्वतः पाहिली. वरून दाबली की पूर्ण मिटायची, सोडली की उघडायची. गुठळी नाही. पाऊल खालीवर करायला सांगितलं तेव्हा पडद्यावर रंगाचा झोत वर सरकला. पोटरी पिळली की रक्त वर चढतं आणि शिरेतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत, हे मी मुलांना चार्टवर दाखवत आलोय. बायकोच्या पायात पहिल्यांदा पाहिलं. मला तिथे बोलता येईना.

साखर नाही हिला. बोळ्याने स्पर्श करून पाहिला, दहाही बोटांना कळतं.

आता प्रयोग. ताई, तुम्ही म्हणालात की झाकण किती आणि करंट किती ते सांगता येत नाही. ते माझ्या डोक्यातून जाईना. मग चार दिवस सकाळच्या वेळी आलटून पालटून केलं: एक दिवस करंटसह, एक दिवस पॅड लावून मशीन बंद ठेवून. बंद ठेवल्याची वेळ दुपारी भरून काढली, हिचा व्यायाम बुडवला नाही. डाव्या मांडीवर काहीच नाही, नुसती उघडी.

मशीन बंद असताना पॅडखाली वीस मिनिटांत १.३ अंश वाढ. चालू असताना १.९. म्हणजे पॅडखालची दोन तृतीयांश ऊब नुसत्या झाकण्याची. मी तिला करंटची समजत होतो.

मधली उघडी कातडी मशीन बंद असताना ०.४ ने उतरली, चालू असताना ०.८ ने चढली. डावी मांडी दोन्ही वेळा ०.४ ने उतरली. म्हणजे खोलीची थंडी कातडीला खाली ओढत होती आणि स्नायू तिला वर ढकलत होता. त्याचं खरं काम ०.८ नाही, १.२ अंशांचं.

अंगठा मशीन बंद असतानाही ०.९ ने पडला. मग शेवटच्या दिवशी दोन्ही पावलांना लोकरीचे मोजे आणि वरून रजई, फक्त मांडी उघडी. मशीन चालू. अंगठा ०.२ ने उतरला, बस. करंट त्याला उपाशी ठेवत नव्हता. पाय उघडा टाकून त्याला गारठवणारा मी होतो, आणि सिगडीही बाहेर नेऊन ठेवली होती. ती आता आत आली आहे. ही काही बोलली नाही, फक्त पाय सिगडीकडे सरकवला.

ताई, एक विचारायचं राहिलं. कातडीचं तापमान रक्त सांगत नसेल, तर हे मशीन कामाला येतंय की नाही ते मी घरी कशावरून ओळखू?

---

मल्हारगंज_फिजिओ, इंदूर (१७ जानेवारी, रात्री १०:३०)

काका, तुमची वही माझ्या विद्यार्थ्यांना दाखवावीशी वाटतेय.

या मशीनचं काम पाय गरम करणं नाही. गुडघ्यात सूज असली की मांडीच्या स्नायूला वरून येणारा हुकूम अर्धवट येतो, पेशंट कितीही जोर लावो. तो हुकूम बाहेरून द्यायचा म्हणजे मशीन. म्हणून मी टाच बघते. गुडघ्याखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवा. आधी तुम्ही हाताने टाच धरून पाय जितका सरळ होतो तितका करा, टाच बिछान्यापासून किती वर आली ते मोजा. मग हात सोडून काकूंना स्वतःच्या ताकदीने तितकंच उचलायला सांगा आणि पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक जितका कमी होत जाईल तितका स्नायू परत येतोय. आठवड्यातून एकदाच मोजा, रोज नको. काकूंना मोजमापाचा कंटाळा येईल.

आणि मशीन आवळेल तेव्हा काकूंनी स्वतःही जोर लावायचा. नुसतं पडून घ्यायचं नाही. घोटा खालीवर करणं दर तासाला वीस वेळा, त्याला मशीन लागत नाही.

---

दौलतगंजकर, ग्वाल्हेर (१८ जानेवारी, सकाळी १०:२०)

आत्ताच मोजलं. हाताने धरून २१ सेंटीमीटर, हिच्या ताकदीने १७. वहीत अंगठ्याचा रकाना बंद करून त्या जागी टाचेचा सुरू केला आहे. पुढचा आकडा पुढच्या रविवारी कळवतो.